निळा दोरा, हिरवा दोरा

समुद्रकाठच्या त्या गावात सुट्टीला आलेली पोरं वाळूत किल्ले बांधायची, तेव्हा भिंगरी मामीच्या लाँड्रीत चादरीची टोकं धरून उभी असायची. आणि तरी तिच्याइतकी सुखी मुलगी अख्ख्या किनाऱ्यावर नव्हती. घरी आईबाबांची रोजची धुसफुस. इथे खारं वारं, दोरीवर फडफडणाऱ्या चादरी, आणि काम आटोपलं की मामीचा हात धरून थेट कमरेएवढ्या पाण्यात. एका जागी पाय ठरत नसे म्हणून मामीनेच तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं.

पाच लॉजच्या चादरी मामीकडे धुवायला येत. कुठली कुणाची हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका असे. भिंगरी अकरा वर्षांची होती त्या उन्हाळ्यात मामीने निळ्या दोऱ्याच्या गठ्ठ्यात हिरव्याच्या चादरी बांधल्या. लॉजवाल्याने चारचौघांत तिची खरडपट्टी काढली. संध्याकाळी मामी म्हणाली, "हल्ली मला दोन्ही सारखेच दिसतात गं. गठ्ठे तू लावत जा. आणि आईला बोलू नकोस हं."

भिंगरीने तोंडाला कुलूप लावलं. तीन उन्हाळे तिने दोरे बघून गठ्ठे लावले. हंगाम संपला की लॉज बंद, त्यामुळे बाकीचं वर्ष निभावून जाई. मामीचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा, तेव्हा दोघी खो खो हसायच्या. आपण बोललो तर आई मामीला डॉक्टरकडे नेईल, लाँड्री बंद पडेल आणि आपली सुट्टी बोंबलेल, एवढं तिला पक्कं कळत होतं. लहान होती बिचारी, असं कुणी म्हणेल. इतकीही लहान नव्हती.

चौथा उन्हाळा आलाच नाही. त्याआधीच मामी भरदिवसा जिन्यावरून पडली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांतला दाब वाढून नजर गेलीय, दोन वर्षं आधी आणलं असतं तर वाचली असती.

आता भिंगरी बावन्नची आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीच्या मशीनवर आठ तास उभी राहते. मामा केव्हाच गेले, मामी तिच्याकडेच असते. शेजारीपाजारी म्हणतात, आजकाल सख्ख्या आईचं कुणी इतकं करत नाही. हे कौतुक ऐकलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यातून मामीला रोज त्याच तीन उन्हाळ्यांच्या गप्पा हव्या असतात. आयुष्यातले तेवढेच सुखाचे दिवस, आणि त्यांची आठवण निघाली की भिंगरी काहीतरी निमित्त काढून उठते.

परवा सुट्टीच्या दिवशी सकाळी ती मामीची वेणी घालत होती. मामीने पुन्हा समुद्राचा विषय काढला आणि भिंगरीचा धीर सुटला.

"मामी, मी मुद्दाम गप्प बसले गं. मला सुट्टी हवी होती. तुझे डोळे माझ्यामुळे गेले."

जाऊ दे, पोर होतीस, एवढं तरी ती म्हणेल म्हणून भिंगरी अर्धी वेणी हातात धरून उभी होती.

"डॉक्टरची मला भारी भीती," मामी म्हणाली. "आपणहून पाऊल उचलत नव्हतं. म्हणून तर तुला सांगितलं. म्हटलं, पोर आहे, हिच्या पोटात काही राहायचं नाही. दर वर्षी तू गेलीस की मी तुझ्या आईच्या पत्राची वाट बघायचे. तू मात्र शब्दाची पक्की निघालीस."