हातांनी बोलणाऱ्या घरातली साबिना

साबिनाचं माहेर म्हणजे पोलंडमधल्या लुब्लिन शहरातल्या जुन्या चाळवजा इमारतीतलं सगळ्यांत गोंगाटाचं घर. तिचे वडील वालेन्ती आणि आई रोमाना, दोघंही जन्मापासून बहिरे. कपाटाचं दार आपटलं, खुर्ची फरफटली, पातेल्याचं झाकण जमिनीवर गरगरत राहिलं, तरी दोघांना पत्ता नसायचा. खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्यानं छताला ढोसायला लागायची. ते ऐकू यायचं एकट्या साबिनाला. ती हातांनी सांगायची, "खालची चिडली परत." वडील डोळे मिचकावून टाचेनं जमिनीवर आणखी एक ठोका हाणायचे.

घरात बाकी सगळीकडे मिणमिणते दिवे, पण स्वयंपाकघरात लखलखाट. अंधारात हातांनी बोलणार कसं? वडील जोडे शिवणाऱ्यांच्या सहकारी कारखान्यात होते. संध्याकाळी तिथले त्यांचे बहिरे दोस्त यायचे आणि टेबलाभोवती नुसती हातांची झुंबड उडायची. बीटचं सूप समोर निवून जायचं, कारण हाताला एक तर चमचा धरता येतो नाही तर बोलता येतं. नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण तर संपता संपायचं नाही. तोंडानं बोलायला साबिना शेजाऱ्यांकडून आणि रेडिओकडून शिकली. पण चिडणं, लाडात येणं, थापा मारणं हे सगळं ती आधी हातांनी शिकली.

पुढे लग्न झालं. आईवडील मागोमाग गेले, घर विकलं. नवरा लेस्वाव भला माणूस. सासऱ्यांशी बोलता यावं म्हणून तो 'चहा', 'चल' आणि 'झोप' एवढ्या तीन खुणा शिकला होता आणि तेवढ्यावर त्याचं छान भागलं होतं. झोपेत साबिनाचे हात हलायला लागले की तो ते आपल्या हातांत धरून ठेवायचा. त्याला वाटायचं, हिला वाईट स्वप्न पडलंय. ती कधी सांगत नसे की स्वप्न चांगलं होतं, आणि त्यानं हात धरल्यामुळे ते मधेच तुटलं.

विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्र सुरू झालं, तेव्हा तिथे साबिनाला दुभाष्याचं काम मिळालं. प्राध्यापकाच्या शेजारी उभं राहून ती मातीतली आम्लं आणि मुळांवरची बुरशी हातांनी सांगायची. भाषा घरचीच होती, पण त्यात घर नव्हतं. वर्गात कुणी हातांनी थापा मारत नाही.

कोर्नेलिया ही बागायतशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. गावाकडे आईवडिलांचे रास्पबेरीचे मळे. घरात बहिरी ती एकटीच, आणि हातांची भाषा कुणालाच येत नव्हती. शाळा तिनं बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहात राहून केली होती. त्या हिवाळ्यात ती वर्गाला यायची बंद झाली. झोप येईना, अन्न जाईना. विद्यार्थ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, काही सापडलं नाही. मग त्यांनी तिला वरच्या मजल्यावर लिदियाबाईंकडे पाठवलं. लिदियाबाई विद्यापीठाच्या समुपदेशक. अर्थात, सोबत साबिना.

दुभाष्याचा नियम असा, की समोरचा जे सांगेल ते 'मी' म्हणूनच बोलायचं. 'ती म्हणते' असं नाही. त्यामुळे कोर्नेलियाचे हात हलू लागले, आणि साबिनाच्या तोंडून तिच्या पन्नाशीतल्या घोगऱ्या आवाजात आलं:

"नाताळच्या आदल्या रात्री आमच्याकडे सगळं घर जमतं. टेबलावर कार्प मासा असतो, खसखशीचा गोड पाव असतो. मामा काहीतरी बोलतो आणि सगळे हसतात. मी आईच्या बाहीला ओढते, काय झालं म्हणून. ती म्हणते, मग सांगते. तिचे ओठ मला पाठ झालेत. मग सांगते. ते मग कधीच येत नाही. मी मासा खात बसते आणि सगळे हसले की हसते."

शेवटच्या वाक्याला साबिनाचा आवाज चिरकला. कोर्नेलियाला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. तिचे हात थांबले, आणि मग चटकन हलले. नियम म्हणून साबिनाला तेही बोलून दाखवावं लागलं:

"तुझा गळा हलला. रडायची पाळी माझी आहे बाई, तू नुसतं सांग."

लिदियाबाई हसल्या, कोर्नेलियाही हसली. साबिनानं रुमाल काढला.

संध्याकाळी दोघी एकाच थांब्यावर ट्रॉलीबसची वाट पाहत होत्या. कोर्नेलियानं तिच्या खांद्याला बोटानं टोचलं.

"खरं सांग. ही भाषा कुठे शिकलीस? वर्गात शिकलेल्यांचे हात असे नसतात. तुझे हात म्हाताऱ्या माणसांसारखे बोलतात."

साबिनानं इकडेतिकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. आई. वडील. जोड्यांचा कारखाना. निवलेलं सूप.

कोर्नेलियाचे हात रागानं हलले. "म्हणजे माझं घर तुला मिळालं? ऐकू येणाऱ्या मुलीला? देव नुसता वेंधळा आहे, पत्ता चुकला त्याचा."

"माझ्या वडिलांनाही असंच वाटायचं," साबिना म्हणाली. "मला गाणी ऐकू यायची म्हणून ते माझी कीव करायचे."

त्यावर मात्र ती पोरगी इतकी हसली की थांब्यावरचे लोक वळून बघायला लागले.

मग ते नेहमीचंच झालं. दर भेटीनंतर कोर्नेलिया थांब्यावर म्हणायची, "टेबलावरचं सांग." आणि साबिना सांगायची. गोठलेल्या बोटांनी, हातमोजे खिशात कोंबून. वडिलांच्या कुठल्या दोस्ताला मधे बोलायची खोड होती, एकाच वेळी तिघं बोलू लागले की आई कशी ॲप्रनला हात पुसून मधे उभी राहायची. कुणाला तरी हे हातांनी सांगून किती वर्षं झाली होती! ट्रॉलीबस यायची, दार उघडायची, निघून जायची. दोघी तशाच उभ्या.

घरी जाताना मात्र साबिनाला टोचायला लागलं. दुभाष्यानं अशी मैत्री करणं नियमात बसत नव्हतं. शेवटी ती स्वतःच लिदियाबाईंकडे गेली.

लिदियाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी रागावलेली नाही, साबिनाबाई. पण हल्ली ती बोलते तेव्हा मला नाही सांगत, तुम्हाला सांगते. मी आपली खुर्चीत बसलेली. एक तर तुम्ही तिच्या दुभाषी व्हा, नाही तर जिवाभावाची मैत्रीण. दोन्ही जमायचं नाही."

"मग तिलाच विचारू या," साबिना म्हणाली.

पुढच्या भेटीत लिदियाबाईंनी विचारलं, आणि साबिनाला स्वतःबद्दलचाच प्रश्न हातांनी सांगावा लागला. तिनं तो जसाच्या तसा सांगितला. मनात तिला वाटत होतं, या पोरीनं थांबा निवडावा.

कोर्नेलियानं खिडकीबाहेर पाहिलं. मग साबिनाकडे न बघता, लिदियाबाईंकडे वळून ती बोलली, आणि साबिनानं ते मोठ्यानं म्हटलं: "थांब्यावरच्या गोष्टी मला फार आवडतात. पण त्यांनी झोप येत नाही. इथून गेल्यावर येते. साबिना इथेच राहू दे."

त्या दिवसापासून साबिना घरी चालत जाऊ लागली. लेस्वावनं विचारलं तर म्हणाली, "गुडघ्यांना बरं असतं." थांब्यावरून जाताना ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची, आणि कोर्नेलिया दिसली तर नुसती मान हलवायची.

बर्फ वितळलं, चेस्टनटच्या झाडांना पालवी फुटली, आणि कोर्नेलिया पुन्हा वर्गाला येऊ लागली. मग एके दिवशी तिनं आईला बोलावून घेतलं. आई हालिना ठेंगणी, उन्हानं रापलेली, रास्पबेरीच्या रसाची बाटली मांडीवर धरून बसलेली. मुलगी बोलत गेली, साबिना सांगत गेली. 'मग सांगते'पाशी आल्यावर हालिनानं बाटली खाली ठेवली.

"मला कसं सांगायचं तेच कळायचं नाही," ती म्हणाली. "शाळेतल्या बाईंनीच सांगितलं होतं, घरी खुणा करू नका, पोरगी आळशी होईल, बोलायला शिकणार नाही. मी ऐकलं त्यांचं. मला काय माहीत?"

साबिनानं हे सांगितलं. कोर्नेलिया आईकडे बघत राहिली. त्यानंतर साबिनाला काहीच काम उरलं नाही.

बाहेर पडताना मुलगी कोट आणायला गेली, तेव्हा हालिनानं साबिनाची बाही धरली. "एक विचारू बाई? तुम्हाला तिचं सगळं बोलणं समजतं. ती... विनोदी आहे का?"

"म्हणजे?"

"तिच्या मैत्रिणी हसताना बघते मी. मला पोटची पोर असून माहीत नाही, ती विनोदी आहे की नाही."

"फार विनोदी आहे," साबिना म्हणाली. "आणि जिभेनं, म्हणजे हातानं, फार तिखट."

हालिनाचा चेहरा उजळला. "माझ्या आईवर गेली," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

उन्हाळ्यात भेटी संपल्या. बागांच्या शिक्षणासाठी कोर्नेलिया शरदात एका वर्षापुरती दुसऱ्या शहरात जाणार होती, तिथे तिच्यासारखी बहिरी मुलं पुष्कळ होती. आता कसलाच नियम आड येत नव्हता. तिनं साबिनाला मळ्यावर जेवायला बोलावलं.

अंगणात, सफरचंदाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. हालिना वसंतापासून शिकत होती. तिची बोटं जाड, काट्यांनी ओरखडलेली, अडखळत चालायची. तिनं 'मीठ' म्हणायच्या जागी भलतंच काही म्हटलं आणि कोर्नेलिया हसून टेबलावर कोसळली. "काय? काय म्हटलं मी?" हालिना विचारत होती, आणि मुलगी तिला हळूहळू, परत परत दाखवत होती. साबिनाचे हात आपोआप उचलले गेले. मग तिनं ते मांडीवर ठेवले. कुणाला दुभाषी नको होता. बटाटे निवत होते, आणि ती निवणाऱ्या बटाट्यांकडे बघत बसली.

परतीच्या बसपर्यंत मायलेकी पोहोचवायला आल्या. हालिनानं रास्पबेरीनं भरलेली बादली साबिनाच्या हातांत दिली. साबिना पायरीवर चढली, तेवढ्यात खालून कोर्नेलियानं विचारलं, "पुन्हा कधी येशील?" दोन्ही हात बादलीत अडकलेले. साबिनानं बादली पायरीवर टेकवली.

"अहो, चढताय की उतरताय?" ड्रायव्हर वैतागला.

"तू परत आलीस की," तिनं हातांनी सांगितलं. आणखीही काही सांगायचं होतं, पण दार मिटलं.

ती खिडकीशी बसली. बादली धरून बोटं लाल झाली होती. हालिनाचं मीठ, पोरीचं कोसळणं, हे सगळं कुणाला तरी सांगायचं होतं. लेस्वाव ऐकेल, मान डोलावेल, म्हणेल, वा, छान झालं. पण तोंडानं सांगितलं की त्यातलं सगळं उडून जाणार. हे सांगायचं ते वडिलांना, त्या झगझगीत दिव्याखाली. ते मधेच तिचा हात धरून म्हणाले असते, थांब, ते मीठ पुन्हा दाखव.

शेजारच्या बाईनं विचारलं, "रास्पबेरी घरच्या का?"

"नाही," साबिना म्हणाली, आणि बादली तिच्यापुढे धरली. "घ्या ना."