झुंबरांचे जाणकार

मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातले आमचे एक शेजारी कॅसिनोंचे जाणकार आहेत. स्वतः कधी खेळत नाहीत, हेही ते अभिमानाने सांगतात. भारतातून कुणाचे आईवडील आले की त्यांना देवदर्शनाला न्यावं तसं नदीकाठच्या कॅसिनोत नेतात. "व्हेगास म्हणजे नुसता भपका, काकू. मकाऊला सोनं फार. आपलं मेलबर्न कसं, एकदम क्लासी!" हे 'आपलं' असं, जणू तिथला संगमरवर यांनीच पसंत केला होता.

माझ्या आईलाही त्यांनी नेलं. मी सोबत होतो. मोठ्या झुंबराखाली एक गृहस्थ जुगाराच्या मशीनसमोर बसले होते आणि त्यांची बायको मागे उभी होती. आमचं मराठी ऐकून ती पुढे आली.

"दादा, यांना जरा उठवता का? सकाळपासून बसलेत. माझं ऐकत नाहीत."

आमच्या जाणकारांनी फोटोसाठी वर धरलेला फोन खाली घेतला नाही. "वहिनी, थोडं बाजूला होता? झुंबर पूर्ण येत नाहीये."

ती बिचारी खरंच बाजूला झाली, "सॉरी" म्हणाली. माझं डोकं फिरलं. मी त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला. "नो वरीज, मेट, ही शेवटची," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

तोवर आईने त्या बाईला शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं होतं आणि तिचा हात हातात घेऊन ती उभी होती.

"काकू, चला ना," जाणकार कुजबुजले. "आपण इथलं वातावरण बघायला आलोय."

"तेच बघतेय," आई म्हणाली.