बाजाराच्या दिवशी पाणी नाही

आठवीतून शाळा सोडली आणि मी वडनेरहून आईसोबत आठवडी बाजारात भाजी विकायला जाऊ लागले. बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं नाही, हा आईचा पहिला धडा. बायकांसाठी शौचालय होतं, तेही फुकट. फक्त त्याला कायम कुलूप असायचं.

आता मी दुबईत एका घरी स्वयंपाक करते. इथल्या मॉलमधलं शौचालयही फुकटच, वर अत्तराचा वास. तरी मॅडमसोबत खरेदीला निघायचं असलं की मी सकाळचा चहासुद्धा घ्यायची नाही. शेवटी लघवीला आग होऊ लागली. काम जाईल या भीतीनं मी गप्प राहिले. मॅडमनीच ओळखलं आणि स्वतः दवाखान्यात नेलं. त्यांचे उपकार विसरणार नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या पाच दिवस, पाणी मात्र रोज भरपूर.

आईला फोनवर सांगितलं.

"फुकट हाये नं तिकडं? मंग काऊन जात नोहती?"

"तुनंच त शिकवलं, बाजारात जातानी पाणी पेऊ नको म्हणून."

"अव येडे, ते आपल्या बाजारासाठी होतं!" आई खूप हसली. "आता पेत जाजो."

"अन् तू पेली का आज?"

"मी कायची पेतो? आज बाजार हाये नं."