खाटेभोवतीची माणसं

नंदिनी सबनीस मृत्यूची चित्रं बघत जेवायची. आयर्लंडमधल्या ॲथलोनला आम्ही एका घरात राहायचो. मी मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत, तर ती अठराव्या शतकातल्या रेखाटनांवर पीएच.डी. करणारी. ताटाशेजारी लॅपटॉप आणि त्यावर तपकिरी शाईत काढलेला एखादा मरणासन्न माणूस. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "अगं, त्याच्याकडे काय बघतेस? खाटेभोवती कोण आहेत ते बघ." उशाशी बायको, पायथ्याशी मुलं, दारात पाद्री. आणि सगळ्यांच्या मागे, पडद्याआड, सांगाड्याच्या रूपात मृत्यू. "त्याला पुढे यायला जागाच ठेवलेली नाही," असं ती कौतुकाने सांगे.

एका ऑनलाइन चर्चेत कुणी अभ्यासक या चित्रांना रडकी म्हणाला. नंदिनीने ताबडतोब माइक चालू केला. "तुमच्या घरी कधी कुणी गेलंय का हो?"

सुट्टीच्या दिवशी ती गावाबाहेरच्या एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करायची. २०२०च्या वसंतात कोविडमुळे तिथे भेटी बंद झाल्या. टॉम नावाचे आजोबा शेवटच्या घटका मोजत होते आणि त्यांची बायको नोरा बाहेर बागेत कोट घालून उभी. नंदिनीने मॅनेजरबाईंकडे परवानगी मागितली. "नियम म्हणजे नियम, डिअर," एवढंच उत्तर मिळालं.

नंदिनीने नोराला मास्क, गाउन, हातमोजे चढवले आणि बागेच्या दाराने आत नेलं. नोरा टॉमचा हात धरून बसली. संध्याकाळी ते गेले. दुसऱ्या दिवशी नंदिनीची नोकरी गेली.

घरी आली ती धुमसतच. मी भीतभीत म्हटलं, "पण बाकीच्यांना लागण झाली असती तर?"

"म्हणून तर सगळं घालून नेलं! मला सुचलं, ते त्यांना सुचू नये? प्रिंटर दुरुस्त करणारा आत येतो. बायको तेवढी नको!"

अंत्यविधीला चर्चमध्ये मोजक्याच माणसांना प्रवेश होता. उरलेलं गाव रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभं राहिलं. आम्हीही गेलो. शवगाडी सावकाश पुढून गेली. शेजारचे एक गृहस्थ हळहळून म्हणाले, "ग्रँड सेंड-ऑफ मिळाला हो टॉमला."

नंदिनी गर्रकन वळली. "मेल्यावर तुम्हाला रस्ताभर माणसं चालतात आणि मरताना एक बाई जड होते?"

त्यांनी टोपी काढली.

२०२१ साली पदवी घेऊन ती पुण्याला परत निघाली. विमानतळाच्या बसपाशी मी तिची बॅग चढवली आणि म्हटलं, "नंदिनी, आता तरी शांत हो गं."

"का म्हणून?" ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.