कढीचे अकरा डाग

मध्यभारत राज्याला दोन राजधान्या होत्या. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. सरकार हललं की फायली हलत आणि फायलींबरोबर आम्ही कारकून. त्यामुळे वर्षातले सहा महिने मी घराबाहेर, आणि परतल्यावर काही दिवस घरातच पाहुणा. इंदूरच्या घरी आई आणि बायको. बायको जपून बोले, जपून वाढी. आई कायम समोर. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, तरी दर उन्हाळ्यात ओळख पहिल्यापासून करावी लागे. त्या वर्षी नववा दिवस उजाडला तरी ती झाली नव्हती आणि मला स्वस्थ बसवत नव्हतं.

रविवार होता. आई तीन वाजता तुकोगंजात भजनाला गेली, पाचपर्यंत येते म्हणाली. बायको संध्याकाळच्या कढीसाठी पातेल्यात दही, बेसन, हळद कालवत होती. मी दारात उभा राहिलो, आत गेलो, परत दारात आलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, हळद जास्त झाली, एवढ्याला अर्धा चमचा पुरे.

तिनं दोन बोटं पातेल्यात बुडवून माझ्या गालावर ओढली. "बघा, जास्त आहे का."

मी गालावरचं बेसन काढून तिच्या कपाळाला लावलं.

"वा साहेब. सोळा वर्षांनीही आमच्या वाट्याला उष्टीच हळद."

लग्नात नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावतात, ती उष्टी. मग उष्टी नको म्हणून मी थेट पातेल्यात हात घातला. पुढचं सगळं सांगत नाही. चाळिशीची दोन माणसं चुलीभोवती एकमेकांना हुकवत होती. तिच्या केसांत बेसन, माझ्या बनियनवर दही. शेवटी ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पोट धरून हसली. त्या घरात तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात माझं लक्ष भिंतीकडे गेलं. पाडव्याला चुना दिलेला, त्यावर अकरा पिवळे डाग. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं.

"छोडो ना आता, बसा जरा," ती म्हणाली. "पुसू सावकाश."

मी बसलो नाही. ओल्या फडक्यानं पिवळेपणा जाईना, म्हणून कपड्यांचा सोडा आणून घासला. डाग लालभडक झाले. तोंडाला साबण लावला तर गालही लाल. हळदीला सोडा लागला की कुंकू होतं हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही का, असं ती अजून हसतच विचारत होती. मी घासत राहिलो. हळूहळू तिचं हसू थांबलं. तिनं फरशी पुसली, पातेलं घासलं, माझं बनियन भिजवलं, केस धुऊन घट्ट बांधले.

आई पाचला पाच कमी असताना आली. "भिंतीला कुंकू कुणी लावलं?"

"कढी सांडली माझ्याकडून," बायकोनं लगेच सांगितलं. आईनं सगळ्यात वरचा डाग पाहिला. तो माझ्या डोक्याच्या उंचीवर होता. मग ती माझ्याकडे वळली. "इतकी वर सांडली?"

चुकीच्या कागदावर मी कधी सही केलेली नाही. म्हणालो, "सांडली नाही. आधी हिनं माझ्या गालाला लावली, मग मी हिला." क्रमसुद्धा बरोबर सांगितला.

आई पदर सारखा करून देवापुढे जाऊन बसली. बायकोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

ऑफिसातून आल्यावर मी चुना कालवून भिंतीला हात दिला. एक हात वाळला तरी लाल वर येत होतं. ती मागे येऊन उभी राहिली. मी विचारलं, काय सांगायला हवं होतं?

"सांडली म्हणायचं."

"पण सांडली नव्हती."

"तेवढं एक आपल्या दोघांचं होतं. तेही तुम्ही आईंच्या आवक रजिस्टरात चढवलंत."

मी कुंचला बुडवला, काढला, परत बुडवला. तिनं बाहेर कानोसा घेतला. मग हळू आवाजात म्हणाली की आई येत्या रविवारी परत भजनाला जाणार आहेत, तोवर जरा खोटं बोलायला शिका.

ती गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून दोनदा पुटपुटलो, कढी सांडली. दोन्ही वेळा ते खोटंच वाटलं.