पालथा हात

आप्पा कशालाही आधी तळहात लावत नसत. दाराची कडी, चहाचा ग्लास, तापानं फणफणलेल्या पोराचं कपाळ, सगळ्याला पहिल्यांदा पालथा हात. "तळहाताला करंट लागला तर मूठ आवळते, माणूस चिकटतो. पालथा हात झटक्यानं मागे येतो," असं ते समजावून सांगत. सुरतेच्या डिंडोलीत त्यांचं बॅटरीचं छोटं दुकान होतं. गल्ली त्यांना पाठीमागे 'भित्रे आप्पा' म्हणायची. ते नाव मीच पाडलं होतं.

भित्रे होतेच ते. पाना उचलण्याआधी घड्याळ, अंगठी काढून ठेवत आणि समोरच्यालाही काढायला लावत. मी हसलो की त्यांच्या अहिराणीत म्हणत, "भेव वाटस ते बरं शे, भाऊ. मले रोज वाटस."

मी लूमच्या कारखान्यात फिटर. चाटवाल्याचा जुना ट्रेलर घेऊन मी त्याची चाकांवरची खोली केली होती. जीपमागे जोडायची आणि सापुताऱ्याला, नाहीतर धुळ्याकडे गावी निघायचं. जुन्या ॲसिडच्या बॅटऱ्या तासाभरात मान टाकत, म्हणून लिथियमची बॅटरी घालायचं ठरवलं. आप्पा आत आले, बाकावर हात फिरवून त्यांनी विचारलं, "आठे कोन झोपस?"

"चिंगी," मी म्हणालो. माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती.

झालं! बाकाखालची बॅटरीची जागाच त्यांनी रद्द केली. बाहेर, जीपला जोडायच्या पुढच्या दांड्यावर लोखंडी पेटी बसवली, जुना चार्जर काढून नवा लावला, वायर तेवढी बाकाखालून आत नेली. बॅटरीला लागूनच फ्यूज बसवला. "जुनी बॅटरी दमायची, थांबायची. ही दमत नाही. वायर जळेपर्यंत देत राहील. मधे हा फ्यूज आहे म्हणून बरं. पंखा, दिवे, कूलर चालव. विजेची शेगडी लावायची तर आधी मला सांग, वायर बदलावी लागेल."

मी सांगितलं नाही. शेगडी लावली, फ्यूज उडाला. कारखान्यात आम्ही रोज करायचो तेच मी केलं: फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली. सगळं झकास चालू झालं.

नवी जोडणी आठ दिवसांनी पुन्हा हात लावून बघायची, ही आप्पांची रीत. न बोलावता ते दुपारी आले. ट्रेलर अंगणात उभा होता. बायको शेगडीवर डाळ ठेवून घरात गेली होती, कूलर चालू होता, चिंगी बाकावर गाढ झोपली होती. आप्पांनी बाकाच्या फळीला पालथा हात लावला आणि तो झटक्यानं मागे आला.

"पोरले उचल. पहिले पोरले!"

मी तिला घेऊन बाहेर धावलो. आप्पांनी बॅटरीची जोडणी सोडवली, फळी उचलली. वायरचं आवरण वितळून लोंबत होतं आणि चिंगीच्या पाठीखालची फळी आतून काळी पडली होती. आप्पांनी फ्यूजचं झाकण उघडलं, माझी तार पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात बायको धावत आली. "काय झालं? काय झालं हो?"

आप्पांनी ती गरम तार उपटून मुठीत धरली. "चूक मन्ही शे, सूनबाई. वायर पातळ पडली."

"आप्पा, तुमच्या भरवशावर पोरीला झोपवलं होतं हो!" ती रडत म्हणाली. मी चिंगीला घट्ट धरून उभा होतो.

बायकोनं गल्लीला सांगितलं. आप्पांच्या हातातलं कसब आता गेलं, असं लोक बोलू लागले आणि गिऱ्हाईक तुटलं. मी दुकानात माफी मागायला गेलो, तेव्हा त्यांच्या तळहातावर तारेच्या पिळाचा भाजलेला वळ होता. "सूनबाईला कळलं तर ती पोरीला तुझ्याजवळ कधी सोडणार नाही," ते म्हणाले. "मले काय, मी म्हातारा." वर्षभरात दुकान बंद करून ते गावी गेले. खरं सांगायचं धाडस मला तेव्हाही झालं नाही. लबाडासारखा त्यांच्या चांगुलपणामागे लपून राहिलो.

गेल्या महिन्यात आप्पा गेल्याचा फोन आला. त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती उठून ट्रेलरमध्ये गेली, चिंगीच्या बाकाशी बसली आणि फळीला पालथा हात लावला. बराच वेळ तिनं तो उचलला नाही. मी दारातच उभा होतो. आत जायचं मला भेव वाटत होतं.