काकांच्या तिजोरीतले पासपोर्ट

इथे परदेशात, आमच्या मराठी मंडळात सगळे त्यांना काका म्हणायचे. किवीफ्रुटच्या चार बागा, तिथे राबायला गावाकडून आणलेली माणसं, आणि त्या वर्षी कौन्सिलच्या निवडणुकीला उभे. टाकानिनी उपनगरातल्या हॉलमध्ये गणपतीची आरती त्यांच्याच हस्ते करायची, हे मी ठरवलं. सेक्रेटरी ना मी! मिरवायची हौस दांडगी.

गर्दी दिसावी म्हणून काकांनी कामगारांची व्हॅन भरून आणली होती. मी किचनमध्ये शिरा ढवळत होते. त्या कामगारांतला एकजण, चाळिशीचा, एवढ्या थंडीत पायात जॅन्डल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, दारात येऊन घुटमळला.

"ताई, आई शेवटच्या घटका मोजतीय. पासपोर्ट काकांच्या तिजोरीत आहे. आम्हा सगळ्यांचेच आहेत. मागितला तर म्हणतात, वेलींची छाटणी होऊ दे. आम्ही झोपतो त्या शेडला रात्री बाहेरून कुलूप लावतात, ताई."

ऐकून घाबरले मी. पण खोटं कशाला बोलू? त्याहून जास्त भीती वाटली ती मंडळाचं नाव पेपरात यायची. आपल्याच माणसाची तक्रार बाहेर करायची? छे! म्हटलं, "थांबा, मी काकांशी बोलते."

आणि तो काही म्हणायच्या आत तशीच गेले. हाताला शिरा लागलेला. कोण, काय, सगळं नावानिशी सांगून टाकलं. काका हसले. "अगं, पासपोर्ट हरवतात गं ही माणसं, म्हणून मी सांभाळतो. सोमवारी देतो." मग आरतीचं ताट उचललं. मी किचनमध्ये येऊन त्याला म्हटलं, "झालं काम!" काय तो रुबाब माझा!

त्याचा नंबर घेऊन ठेवला होता, पण सोमवारपासून त्याचा फोन बंद. काकांना विचारलं, तर म्हणाले, दुसऱ्या बागेवर पाठवलाय, हीप्स ऑफ काम आहे तिकडे, ढीगभर. मी गप्प बसले. मीच गप्प बसले.

दोन आठवड्यांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. तोच होता. आई गेली. अग्नी धाकट्या भावाने दिला, याने तो कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिला. मी रडत सुटले. म्हटलं, "अहो, मला वाटलं काका माझं ऐकतील."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"काकांना सांगायचं असतं तर मीच सांगितलं असतं की, ताई," तो म्हणाला. "मला इंग्रजी येत नाही. पोलिसांत माझ्या वतीने तुम्ही बोलाल, म्हणून तुमच्याकडे आलो होतो."